पाटीवरचे नाव आणि कुंडीचे वजन: वनस्पती उद्यानातील एका वर्षाच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

एका मोठ्या वनस्पती उद्यानातले उद्यानविद्येचे बारा महिन्यांचे प्रशिक्षण मी अलीकडेच पूर्ण केले. अर्ज करण्यापूर्वी मी त्या उद्यानाचे माहितीपत्रक तीनदा वाचले होते, पण तिथे प्रत्यक्षात काय शिकायला मिळते आणि काय राहून जाते, हे त्यातून अजिबात कळले नव्हते. ते सांगावे म्हणून हे परीक्षण. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इतर उद्यानांत शिकलेल्यांशी बोलल्यावर लक्षात आले की यातल्या बहुतेक तक्रारी त्यांच्याही आहेत.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात तो असा, की हेच काम एखाद्या चांगल्या खासगी रोपवाटिकेत शिकता येणार नाही का? लागवड, छाटणी, कलमे बांधणे हे तिथेही शिकता येते आणि कदाचित जास्त वेगाने, कारण तिथे दिवसाला शेकडो कलमे हाताखालून जातात. वनस्पती उद्यानाचे वेगळेपण दुसरीकडे आहे. इटलीतल्या पादुआचे वनस्पती उद्यान १५४५ मध्ये स्थापन झाले, तेच मुळी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. चुकीची मुळी दिली तर रोगी दगावण्याची भीती होती. त्यामुळे झाडाला नाव असणे आणि ते नाव बरोबर असणे, ही या संस्थेची जन्मापासूनची जबाबदारी आहे. ज्या झाडाची नोंद नाही ते कितीही देखणे असले तरी उद्यानाच्या दृष्टीने शोभेचे झाड ठरते, संग्रहातले नव्हे. मी जिथे शिकले तिथे ही एक गोष्ट उत्तम शिकवली जाते, आणि तेवढ्यासाठी सुद्धा हे वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही.

नोंदीची पद्धत सांगायला सोपी आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक बियाण्याला, छाटाला (लावण्यासाठी कापलेल्या फांदीच्या तुकड्याला) किंवा रोपाला एक क्रमांक मिळतो. त्यात आल्याचे वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम असतो, आणि एकाच खेपेतली झाडे वेगवेगळ्या जागी लावली तर पुढे एकेक अक्षर जोडले जाते. त्या क्रमांकामागे ते कुठून आले, रानातून की दुसऱ्या उद्यानातून, कोणी गोळा केले, कोणत्या उंचीवर आणि कसल्या जमिनीत, हे सारे नोंदवलेले असते. पाटीवर शाईने लिहायचे नाही, पेन्सिलीने लिहायचे, हा पहिल्याच दिवशीचा धडा मला तेव्हा बालिश वाटला होता. उन्हात शाई काही महिन्यांत उडून जाते, पेन्सिलीचे शिसे मात्र वर्षानुवर्षे टिकते, हे चौथ्या महिन्यात कोऱ्या पाट्यांची एक अख्खी रांग पाहिल्यावर पटले.

त्याच सुमारास माझ्या हातून चूक झाली. एकाच जातीची, पण दोन वेगळ्या डोंगरांवरून आणलेल्या बियांची रोपे शेजारच्या दोन ट्रेंमध्ये होती आणि दोन्ही ट्रेंना एकेकच पाटी होती. रोपे कुंड्यांत हलवताना दोन्ही पाट्या टेबलावर काढून ठेवल्या आणि मध्येच कोणीतरी हाक मारली म्हणून मी उठले. परत आल्यावर कोणती पाटी कोणत्या ट्रेची ते सांगता येईना. रोपे जोमदार होती, एकही मेले नव्हते, तरीही नोंदपालांनी त्या सगळ्यांसमोर मूळ ठिकाण अज्ञात असे लिहिले आणि ती शोभेच्या वाफ्यांकडे पाठवून दिली. ती पुन्हा रानात लावायच्या कामासाठी वाढवली होती, आणि कोणत्या डोंगरावरचे हे ठाऊक नसलेले रोप त्या कामाला चालत नाही. मला कोणी रागावले नाही. मात्र प्रत्येक ट्रेला किमान दोन पाट्या असाव्यात, एक मातीत खोचलेली आणि एक ट्रेला बांधलेली, हा नियम माझ्या चुकीनंतर आला. तो आधीच असायला हवा होता, असे मला आजही वाटते.

नोंदींच्या याच विभागात एन्सेफालार्टोस वूडी या सायकॅडची (ताडासारख्या दिसणाऱ्या, पण फुले न येणाऱ्या प्राचीन गटातल्या झाडाची) हकीकत ऐकायला मिळाली. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्गोये जंगलात त्याचे एकच झाड सापडले, तेही नर. मादी आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि जगभरच्या उद्यानांत आज जी झाडे आहेत ती सारी त्या एकाच झाडापासून वाढवलेली आहेत. नोंदी ठेवणे कंटाळवाणे वाटू लागले की मी हे झाड आठवत असे.

रोपवाटिकेतले तीन महिने हा या प्रशिक्षणाचा सर्वांत सकस भाग आहे. छाट पेराच्या लगेच खाली घ्यायचा, मोठी पाने निम्मी कापायची, बुडखा मुळे फुटायला मदत करणाऱ्या इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या भुकटीत बुडवून जादा भुकटी झटकायची आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे) यांच्या मिश्रणात लावून धुक्याच्या फवाऱ्याखाली ठेवायचे, इथवर कोणत्याही पुस्तकात मिळते. पुस्तकात ठळकपणे न मिळणारी गोष्ट अशी, की खरी परीक्षा मुळे फुटल्यानंतर सुरू होते. फवाऱ्याखालच्या ओलाव्याला सरावलेली रोपे एकदम बाहेर काढली तर दुपारपर्यंत माना टाकतात. आमच्या पहिल्या तुकडीतली निम्मी रोपे अशीच गेली, आणि तिथल्या ज्येष्ठ माळ्यांनी ती जाऊ दिली. दुसऱ्या तुकडीच्या वेळी दोन फवाऱ्यांमधला वेळ रोज थोडा थोडा वाढवत ती सवय कशी मोडायची, ते त्यांनी शेजारी उभे राहून दाखवले.

पाणी घालायलाही त्यांनीच शिकवले. ते मातीत बोट घालून बघत नसत; कुंडी उचलून पाहत. पहिले दोन आठवडे मला रोज सकाळी पन्नास कुंड्या नुसत्या उचलायला लावल्या आणि प्रत्येकीबद्दल ओली, सुकी की मधली एवढेच सांगायला लावले. वरचा थर कोरडा दिसत असताना खाली चिखल असतो, आणि मुळांना हवा न मिळाल्यामुळे कोमेजलेले रोप हुबेहूब तहानलेल्यासारखे दिसते. नवखा माणूस अशा रोपाला आणखी पाणी घालून मारतो. तिसऱ्या आठवड्यात माझे दहापैकी आठ अंदाज बरोबर येऊ लागले, आणि वर्षभरात कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मला त्याचा जास्त आनंद झाला.

दर शुक्रवारी ओळख परीक्षा असे. बाटल्यांत खोचलेल्या वीस फांद्या, आणि प्रत्येकीचे कुळ, प्रजाती व जाती शुद्ध लेखनासह. एक अक्षर चुकले तरी अर्धा गुण जाई. सुरुवातीला ही निव्वळ घोकंपट्टी वाटते, पण रेपेन्स म्हणजे सरपटणारी आणि टोमेन्टोसा म्हणजे लवदार, असे शब्द उलगडू लागले की नावातच झाडाचे वर्णन सापडते. परीक्षा कठोर आहे आणि ती तशीच राहावी.

आता तक्रारी. माहितीपत्रकात सहा विभागांतून फिरण्याचे आश्वासन आहे. मी चार पाहिले. वृक्षनिगा विभागाचे तीन आठवडे दोन दिवसांत उरकले. फांदी खोडाला घासून न कापता तिच्या बुडाशी असलेला फुगीर कडा शाबूत ठेवायचा, म्हणजे जखम झाडाला स्वतः भरून काढता येते, हे त्या दोन दिवसांत कळले, पण करवत माझ्या हातात एकदाच आली. उन्हाळ्याचे जवळजवळ दोन महिने आम्ही सगळे प्रशिक्षणार्थी केवळ खुरपणी आणि पाणी घालण्यावर होतो. खुरपणीला माझी ना नाही, तण ओळखायला शिकणे हेही शिकणेच आहे. परंतु पहिल्या आठवड्यानंतर त्यात नवे काही उरत नाही, आणि अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई विद्यावेतनावरच्या मुलांकडून करून घेतली जात आहे, हे कोणाच्याही नजरेतून सुटत नव्हते. लेखी मूल्यमापन दर तीन महिन्यांनी व्हायचे होते. ते एकदाच झाले, तेही प्रमाणपत्र तयार करण्याची वेळ आली तेव्हा.

एक लहानशी गोष्टही नोंदवते. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने १८९६ मध्ये पहिल्यांदा स्त्रियांना माळीकामावर घेतले, तेव्हा त्यांना पुरुषी पोशाख घालावा लागत असे. आमच्या तुकडीत निम्म्या मुली होत्या आणि भांडारात गमबूट मात्र सगळे पुरुषांच्या मापाचे. दोन जोड मोजे घालून मी वर्ष काढले.

एवढे असूनही रोपवाटिका, नोंदी किंवा दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनाकडे ज्यांचा ओढा आहे त्यांनी इथे जरूर यावे. ज्यांना बागेची आखणी किंवा सजावट शिकायची आहे त्यांची निराशा होईल. मुलाखतीत विभाग बदलण्याचे वेळापत्रक लेखी मागा, आणि मागच्या तुकडीतल्या कोणाशी तरी बोलू देण्याची विनंती करा. अर्जात पसंतीच्या विभागाचा रकाना असतो, तिथे रोपवाटिका लिहा आणि छाट लावण्याच्या हंगामाच्या तोंडावर रुजू व्हा, म्हणजे एकच तुकडी लावण्यापासून कुंडीत जाईपर्यंत पाहता येईल. कलमचाकू स्वतःचा न्या, कारण तिथे पाच जणांत एक असतो. डावखुऱ्यांनी तर तो न्यावाच. कलमचाकूला धार एकाच बाजूने लावलेली असते, आणि तिथले सगळे चाकू उजव्या हाताचे आहेत.