पंधरा एचपीची मशीन, हतनूरचा गाळ : आठ महिन्यांचा हिशेब

ऑक्टोबरात घेतली, आता मे संपत आला. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, १५ एचपीची बोटीमागे टांगायची मशीन (आउटबोर्ड), खाली अठरा फुटी फायबरची बोट. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापासून हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकतो, थंडीत पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. सुरू व्हायला चांगली, दोघांनी उचलून ट्रॉलीत टाकता येते. तरी आठ महिन्यांत चार वेळा माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "मशीन ओढत नाही." चारही वेळा कारण वेगळं.

पहिलं सांगायला लाज वाटते. फुल रेसवर दहा मिनिटं झकास, मग दम तुटल्यासारखी खाली यायची. थांबून परत सुरू केली की पुन्हा दहा मिनिटं ठीक. तालुक्याच्या मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून साफ केला, नऊशे रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी बोटीत सोबत असलेला पुतण्या म्हणाला, "काका, हा फुगा बघा, चिपकून गेलाय." पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा पापडासारखा चपटा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मीच बंद ठेवला होता. टाकीत हवा शिरत नाही, मग पेट्रोल तरी येणार कुठून? स्क्रू ढिला केला, फुगा फुगला, मशीन पळाली.

तेव्हापासून माझा नियम झाला. दम गेला की चालत्या मशीनवरच फुगा दाबायचा. दाबल्यावर जोर आला तर दोष पेट्रोल पोचण्यात : नळी, फिल्टर नाहीतर पंप. चोक किंचित ओढून मशीन सुधारली तरी पेट्रोलच कमी पडतंय असं समजायचं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा असू शकतो. दुसऱ्या वेळी तसंच झालं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की वेगळं होऊन तळाला बसतं. पंधरा दिवस टाकी अर्धी भरून ठेवली होती. फिल्टरच्या वाटीत तळाला पाण्याचे थेंब स्पष्ट दिसत होते. आता नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय आणि जुनं पेट्रोल मोटरसायकलच्या टाकीतही घालत नाही.

ऑइलबद्दल एक. १० लिटर पेट्रोलला २०० मिली, तेही आउटबोर्डसाठीचं, डब्यावर टीसीडब्ल्यू-३ लिहिलेलं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल, ऐकू नका. प्लगवर काजळी धरून एक सिलिंडर मुकाट होतो. माझा एक प्लग गेलाच होता. दोन्ही प्लगांची अदलाबदल केली, पहिला सिलिंडर बोलायला लागला आणि दुसरा मुका झाला, म्हणजे दोष प्लगचाच. पाच मिनिटांचं काम.

तिसरी वेळ मात्र फसवी. जानेवारीत पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाला पंखा लागला. पाती शाबूत, वरून काही दिसेना. हळू चालवली की ठीक, रेस दिली की मशीन किंचाळायची आणि बोट तिथेच. पंख्याच्या मधल्या भागात रबरी बुश असतो, मोठा धक्का बसला की शाफ्टऐवजी तोच सुटतो, गिअर वाचावेत म्हणून. खात्रीसाठी बुशच्या आतल्या नळीवरून बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ मारली, चक्कर मारून आलो, तर रेघ तुटून दोन ठिकाणी. नवीन पंखा घेतला. जुनाही त्याच सुटलेल्या बुशसकट जपून ठेवलाय, हळू हळू का होईना काठाला आणेल.

चौथं हतनूरचंच. पूर्णा गाळ आणते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाजवळ पातळ चिखलच. मशीन गार करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार हातभर होती, ती बोटभर झाली. भुसावळकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मशीन तापून ढिली पडायला लागली. इम्पेलरची, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या रबरी चक्रीची, पाती गाळाने घासून कडेला गोल झाली होती. नुसता गाळच नाही, थोडी चूक माझीही : पाण्याशिवाय ते रबर घासतं, आणि मी ट्रॉलीवर पाण्याबाहेर "जरा आवाज ऐकवा" म्हणणाऱ्यांना दोनदा कोरडी चालवून दाखवली होती.

पुन्हा घेईन का? घेईन, पण सोबत एक इम्पेलर, दोन प्लग आणि पंख्याची पिन मागेन. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागतील, तोवर मशीन घरीच, अंगणात दोनशे लिटरच्या ड्रममध्ये उभी, साध्या पाण्यावर दहा मिनिटं चालवून धुतलेली.