‘१२,००० गेम, सगळे चालू’ : माझे १७,३४९ रुपये कसे गेले

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचं आहे ते हसून मोकळे होतील. ५,००० अ‍ॅडव्हान्स, ९,५०० माल निघताना, ८५० ‘रिफंडेबल’ कुरिअर इन्शुरन्स आणि १,९९९ लायसन्स की. एकूण १७,३४९ रुपये. घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी, जुन्या पार्लरमधल्या व्हिडिओ गेमनी भरलेली हार्ड डिस्क मागवली होती. बदल्यात मिळाला एक प्लास्टिकचा डबा. त्यावर ‘२ टीबी’ छापलेलं, आत पेनड्राइव्हची ६४ जीबीची पट्टी आणि वजन यावं म्हणून हॉट ग्लूने चिकटवलेले दोन लोखंडी नट.

लाज वाटते ती यासाठी की मी या विषयात कोरा नाही. सुताराकडून १८ मिमी प्लायचं कॅबिनेट करून घेतलं, जॉयस्टिक, बटणं, एन्कोडर (बटण दाबलं हे संगणकाला कळवणारा बोर्ड), रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, सगळं माझ्या हाताने जोडलं. वायरिंगने मला रडवलं नाही. रडवलं ते गेमच्या संग्रहाने. मेम म्हणजे जुने आर्केड गेम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर. ज्यांनी त्याचा गेमचा पूर्ण संच एकदा तरी उघडून बघितलाय त्यांना हे सांगायला नको. १९९७ साली निकोला साल्मोरियाने मेम आणलं, आणि त्या प्रकल्पाचं ध्येय जुनी मशीनं कशी चालायची याची नोंद ठेवणं हे आहे, रविवारी दुपारी पोरांना नीट यादी देणं हे नाही. त्यामुळे संचात माहजाँग असतं, जपानी क्विझ असतात, कॅसिनोची मशीनं असतात, नुसत्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदी असतात, अर्धवट चालणारे गेम असतात, आणि एकाच गेमची देशोदेशीची भावंडं असतात. तांदळातले खडे वेचावेत तसं हे सगळं वेचत बसावं लागतं.

आणि वेचतानाही फसायला होतं. ‘क्लोन’, म्हणजे ही भावंडं, ‘काढून टाका’ अशी चाळण लावली तर पॅकमनच गायब झाला. कारण मेमच्या हिशेबात मूळ आहे १९८० चा जपानी ‘पकमन’ आणि आपल्याला माहीत असलेला पॅकमन त्याचा क्लोन. बरं, मूळ उडवून क्लोन ठेवला, तर स्प्लिट संचात तो चालेना, कारण त्याच्या झिपमध्ये फक्त फरकाच्या फाइली असतात, बाकीच्या मूळ झिपमध्ये. निओजिओ या आर्केड मशीनची बायोस झिप शेजारी नसेल तर किंग ऑफ फायटर्स ९७ पण नाही आणि मेटल स्लग पण नाही. मेम २००३ कोरला, म्हणजे मेमच्या जुन्या रूपाला, ०.७८ आवृत्तीचा संच लागतो, त्यात आजच्या मेमच्या झिप टाकल्या की कितीतरी गेम काळा पडदा दाखवून परत मेन्यूवर. नोकरी सांभाळून हे करतोय, घरात बायको विचारतेय की अहो, या कपाटात गेम कधी चालणार.

अशा वेळी जाहिरात दिसली. ‘२ टीबी, १२,००० गेम, सगळे चालू, फिल्टर केलेले, प्लग अँड प्ले.’

आता कुणीही म्हणेल की एवढा मोठा आकडा बघूनच कळायला हवं होतं. मला आकड्याने भुलवलं नाही, भाषेने भुलवलं. बाकीचे विक्रेते ‘सुपर एचडी गेम’ वगैरे बडबडतात. हा माणूस म्हणाला, “दादा, नॉन-मर्ज्ड सेट आहे, म्हणजे प्रत्येक झिप आपल्या पायावर उभी. वन गेम वन रॉम केलंय, एका गेमची एकच फाइल. माहजाँग, क्विझ, कॅसिनो सगळं कॅटेगरी फाइल लावून उडवलंय. सीएचडी पण आहेत.” ज्याला सीएचडी (काही मोठ्या गेमच्या हार्ड डिस्क किंवा सीडीची प्रत) म्हणजे काय माहीत आहे तो चोर कसा असेल, असं वाटलं. या धंद्यात भाषा शिकायला एक संध्याकाळ पुरते हे आता कळतंय. समोरचा तुमच्याच शब्दांत बोलतो म्हणून त्याला आपल्यातला समजू नका.

त्याने व्हिडिओ पाठवला. आणि इथेच, या व्हिडिओत, सगळं होतं. मी तो नंतर इतक्या वेळा बघितलाय की झोपेत दिसतो. यादी भराभर खाली सरकते. एस अक्षरावर येते. स्ट्रीट फायटर टू. पुन्हा स्ट्रीट फायटर टू. पुन्हा. वर्ल्ड, यूएसए, जपान, चॅम्पियन एडिशन, मग रेनबो आणि इतर बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय बदललेल्या नकला, ओळीच्या ओळी. हे ‘वन गेम वन रॉम’? मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मी विचारलंही. तर म्हणाला, “दादा, ते कलेक्टरसाठी मुद्दाम ठेवलंय, आपल्याकडे पार्लरमध्ये बूटलेगच चालायचे ना.” आणि ते खरं असल्यामुळे मी गप्प बसलो! आपल्याकडच्या पार्लरमध्ये हवेत वळणाऱ्या हडोकेनवाले (हडोकेन म्हणजे हातातून सुटणारा गोळा) बूटलेगच असायचे, त्यावर मी त्याच्याशी पाच मिनिटं जुन्या गप्पा मारल्या. पैसे पाठवले त्या गप्पांनंतर.

दुसरी गोष्ट कोपऱ्यात लिहिलेली होती. गेमची संख्या : १२,०००. बरोब्बर. ज्याने आयुष्यात एकदा तरी यादी चाळली आहे त्याला विचारा, चाळलेली यादी कधी गोल आकड्यावर येते का? २,३१७ येते, ४,०८२ येते. बारा हजारावर तीन शून्यं फक्त भरती करून येतात. एकच फाइल पाच नावांनी ठेवायची, निन्टेंडोचे जुने आठ-बिटी गेम आर्केड म्हणून घुसवायचे, की झाला आकडा. हे मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र सुचलं नाही.

तिसरी गोष्ट. मी म्हटलं, मुस्तफा लावून दाखव. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. आपल्या पिढीला मुस्तफाच. त्याने क्लिप पाठवली, गेम चालू होता, आवाजासकट. पण ती क्लिप थेट गेमपासून सुरू होत होती. यादीतून निवडला, बटण दाबलं, गेम उघडला, हे त्यात नव्हतंच. तेव्हा, कुणाकडूनही काही घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर, तुम्ही सांगाल तो गेम, यादीतून उघडून दाखवायला लावा. झेड अक्षरावरचा सांगा.

झेड का, ते ऐका. डिस्क आली. लावली. त्याने स्वतःचा एक मेन्यू टाकला होता, ‘ट्रायल मोड’. त्यात थोडेच गेम उघडत होते, पण जे उघडत होते ते मस्त चालत होते. १९४२, अ‍ॅस्टेरॉइड्स, बबल बॉबल, कॅप्टन कमांडो. पोरगा नाचायला लागला. पूर्ण यादीसाठी की हवी, १,९९९ रुपये. मेम फुकट आहे, २०१६ पासून तर मुक्त परवान्यावर आहे, त्यासाठी लायसन्स की विकणारा माणूस चोरच, हे मी दुसऱ्या कुणाला ठणकावून सांगितलं असतं. पण १५,३५० आधीच गेलेले, माल हातात, समोर गेम चालतोय. तुम्ही काय केलं असतं ते प्रामाणिकपणे सांगा.

की टाकली, बारा हजार नावं आली, आणि मुस्तफा दाबला. फाइल सापडत नाही. मला वाटलं, नव्या मेमला लागणारी क्यूसाउंडची (गेमच्या आवाजाच्या चिपची) वेगळी फाइल राहिली असेल. ती शोधत रात्र घालवली. मग पनिशर, मग स्नो ब्रदर्स, मग मेटल स्लग. सगळं मेलेलं. फाइलच्या नावाने बघितलं तर सी अक्षरापर्यंतचं जिवंत, डी पासून पुढे स्मशान (मुस्तफाची फाइल ‘डायनो’ नावाने असते). कारण खरी जागा ६४ जीबी, ती तिथे भरली. पट्टीच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. तो संगणकाला सांगतो मी २ टीबी आहे, फाइलींची नावं नीट नोंदवून घेतो, आतला माल मात्र जागा संपल्यावर कुठेच जात नाही. म्हणून नावं बारा हजार दिसतात आणि फोल्डरचा आकारही भरघोस दिसतो. ट्रायलमधले गेम नेमके आकड्यांपासून सी पर्यंतचेच होते, म्हणजे कुठपर्यंत चालतं हे त्याला पक्कं माहीत होतं. ही नजरचूक नाही.

डिस्कची खरी क्षमता तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. फुकट आहेत. कार्ड असो, डिस्क असो, आल्या दिवशी पूर्ण क्षमतेची चाचणी लावा, रात्रभर चालली तर चालू दे. मात्र ती फक्त मोकळी जागा भरून बघते, म्हणून आधी असेल ते उतरवून घ्या आणि डिस्क रिकामी करा. मी एफ३ लावलं, निकाल बघितला, आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेतला. नट तेव्हा दिसले.

त्याने मला ब्लॉक केलं होतंच.

आता पुढची करमणूक. जाहिरात जिथे होती त्या संकेतस्थळाने कळवलं की पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, त्यामुळे जबाबदारी नाही. जाहिरात काढाल का? ‘आम्ही आढावा घेत आहोत.’ जाहिरात होती तिथेच. बँकेत गेलो. बाई म्हणाल्या, पिन तुम्ही टाकला ना, मग हा अधिकृत व्यवहार. अहो, फसवून घेतलेले पैसे सगळे अधिकृतच असतात, चोर काय स्वतः पिन टाकणार आहे? समोरचं खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. बरं. पोलीस ठाण्यात गेलो. तिथे हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “गेम पोराचे का?” मी म्हटलं माझे. मग शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून घेतलं, त्यांनाही ऐकवलं. सतरा हजाराचे गेम! हसून झाल्यावर सांगितलं की हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पार्सल प्रत्यक्ष आलंय म्हणजे हे सायबर नाही, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. जेव्हा भेटले तेव्हा मान वर न करता म्हणाले, “हा माल पायरेटेड आहे ना? मग तक्रार द्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा.”

इथे माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि विक्रेत्याचा खरा हिशेब तेव्हा उलगडला. तो कॉपीराइट असलेले रॉमच विकतो, कारण घेणारा तक्रार करायला कचरणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ६३ वं कलम मी घरी येऊन वाचलं, सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड वेगळा. घाम फुटला. पण म्हणून मी चोर? मुस्तफा मला आज कुठल्या दुकानात अधिकृत विकत मिळतो ते दाखवा. २०१८ साली कॅपकॉमने जुने मारधाडीचे सात गेम एकत्र काढले, त्यात कॅप्टन कमांडो होता, हा नव्हता, कारण तो एका कॉमिकवर बेतलेला आणि त्याचे हक्क कॅपकॉमच्या एकटीच्या हातात नाहीत. मिळाला असता तर पैसे देऊन घेतला असता. किंग ऑफ फायटर्स ९७ आणि मेटल स्लग अधिकृत मिळतात, पनिशर २०२४ च्या मार्व्हल-कॅपकॉम संग्रहात आला आहे, ते आता विकतच घेतोय. रॉबी रोटो, ग्रिडली असे थोडे गेम तर हक्कदारांच्या परवानगीने मेमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मला आधी कुणी सांगितलं नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. माल कसलाही असो, २ टीबी सांगून ६४ जीबी देणं ही फसवणूकच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मी शेवटी अर्जात रॉमचा वादच घातला नाही. ‘२ टीबीची हार्ड डिस्क म्हणून नट भरलेला डबा’ एवढंच लिहिलं, एफ३ चा निकाल आणि उघडलेल्या डब्याचे फोटो जोडले. ठाण्यात घेत नाहीत म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली आहे. बाकी शांतता. डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ मी काढला नव्हता, त्यावरून उद्या कुणीतरी विचारणार की नट तुम्हीच चिकटवले कशावरून. तुम्ही काढा, पार्सलवरचा पत्ता दिसेल असा.

पैसे ऑनलाइन गेले आणि संशय आला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. माझ्या बाबतीत कुरिअर यायलाच इतका वेळ गेला की रक्कम केव्हाच पुढच्या खात्यात सरकली होती. मला वाटतं, तो माल मुद्दाम सावकाश पाठवतो. ‘रिफंडेबल’ शब्द दिसला की थांबा. दुकानदार असेल, बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. माझ्याकडे बिल नाही, फक्त एक टोपणनाव.

संग्रहाचं म्हणाल तर मी आता उलट्या बाजूने लावतोय. बारा हजारातून वगळत बसायचं नाही. जे खरंच खेळायचंय त्यांचीच नावं वहीत लिहिली, साठसुद्धा भरली नाहीत. कोरची आवृत्ती एकच धरली, तिचीच डॅट फाइल (कुठल्या झिपमध्ये काय हवं त्याची यादी), आणि त्या यादीशी ताडून बघणाऱ्या क्लरमेमप्रो या प्रोग्रामने एकेक झिप तपासतोय.

त्याची जाहिरात पुन्हा लागली आहे. नाव दुसरं, फोटो दुसरा, ‘२०,००० गेम’, भाव ११,९९९. व्हिडिओ मात्र तोच, एस अक्षराशी थांबवून बघा. ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी गेमची लाज बाजूला ठेवून आपापल्या ठाण्यात वेगळा लेखी अर्ज द्या आणि पैसे कुठल्या यूपीआय आयडीवर गेले ते त्यात अक्षरन्‌अक्षर लिहा. माझ्या एकट्याच्या अर्जावर अजून कुणी त्या खात्याकडे बघितलेलं नाही.