छपरावरचा फाइव्ह जी डबा, सात महिने वापरून

चिपळूणच्या जरा बाहेर राहतो, फायबरवाला तीन वर्षं "पुढच्या महिन्यात पोल टाकतो" म्हणतोय, शेवटी कंटाळून डिसेंबरात बिनवायरचं फाइव्ह जी वाय-फाय घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत.

फिटिंगवाला पोरगा पत्र्यावर चढला, टॉवरचा सिग्नल पकडणारा डबा पाइपला आवळला आणि मोबाइलमध्ये आकडे बघत बघत तो थोडा थोडा फिरवत बसला. समोर डोंगरावर टॉवर दिसतो तरी दोन बोटं तोंड वळलं की स्पीड निम्मा! पाऊण तास गेला, पण त्याने घाई केली नाही, त्याचे मार्क वेगळे.

प्लॅन 30 एमबीपीएसचा, दिवसा पूर्ण मिळतो. एकेकाळी जीपीआरएसवर, म्हणजे टू जीच्या जुन्या मोबाइल नेटवर, फोन आला की नेट मान टाकायचं, मग थ्री जी डोंगल आलं, ते मी यूएसबी वायरला बांधून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवायचो, त्यामुळे हे बघून जरा हसूच आलं, कारण आताही तेच करतोय, फक्त डोंगल छपरावर गेलंय. फरक रुंदीचा आहे, म्हणजे कंपनीला सिग्नलसाठी मिळालेल्या लहरींच्या पट्ट्याच्या, बँडच्या, रुंदीचा. 2010 च्या लिलावात थ्री जीला एकेका कंपनीला येण्याचे 5 आणि जाण्याचे 5 मेगाहर्ट्झ मिळाले होते, आता फाइव्ह जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये मोठ्या कंपन्यांकडे प्रत्येकी 100 मेगाहर्ट्झ आहेत. मुंबई-गोवा हायवेच्या आधी हे रुंदीकरण उरकलं म्हणायचं.

पण हा बँड भिंती, झाडं फारशी भेदत नाही, म्हणून तर डबा बाहेर लावतात. जूनपासून शेजारच्या काकांच्या फणसाची ओली पानं मधे आली आणि पाऊस जोरात लागला की 30 चे 11-12 होतात. रात्री 9 नंतर सगळं गाव त्याच टॉवरवर, तेव्हाही रडतंच. अपलोड मुळातच कमी, मोठी फाइल पाठवायची तर सकाळी लवकर उठा. आणि लाइट गेली की राउटर बंद, डब्याला करंट आतूनच जातो, इन्व्हर्टर नसेल तर घेऊ नका.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "राउटर रीस्टार्ट करा सर".

पाचात साडेतीन. फायबर येईपर्यंत काढणार नाही. फणसाच्या त्या एका फांदीबद्दल काकांशी बोलणी चालू आहेत, ते म्हणतात आधी फणस उतरू देत.