पावसाचा खंड पडलाय, सोयाबीन फुलात आहे: ग्रेड-2 फवारावं की 13:0:45?

2023 चा ऑगस्ट मराठवाड्यातला सोयाबीनवाला सहजी विसरणार नाही. देशात 1901 पासून पावसाच्या नोंदी पाहिल्या तर इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता, आणि पीक नेमकं फुलात, शेंगा धरायच्या बेतात होतं. अशा वेळी कृषी सेवा केंद्रात गेलं की समोर दोन वस्तू येतात: सूक्ष्म अन्नद्रव्यांची ग्रेड-2 ची बाटली आणि 13:0:45 ची पिशवी. दोन्ही पानांवर फवारायच्याच वस्तू, पण त्यांची कामं वेगळी.

13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. हे सूक्ष्म अन्नद्रव्य नाहीच. पानावरची रंध्रं उघडतात-मिटतात ती पालाशाच्या, म्हणजे यातल्या पोटॅशियमच्या जोरावर. जमीन सुकली की पालाश असूनही मुळाशी पोचत नाही. तो पानातून मिळाला तर रंध्रं वेळेवर मिटतात आणि झाडातलं पाणी कमी उडतं. प्रमाण 10 लिटरला 100 ग्रॅम. ताण जास्त आहे म्हणून हात सैल सोडू नका, पानं करपतात.

ग्रेड-2 मध्ये जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम असतं. फुलाच्या दृष्टीनं यातलं मोलाचं बोरॉन, कारण परागनलिका वाढायला ते लागतंच. ताणात पेशींची नासाडी थोपवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) जस्त लागतं. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह अडकून पडतं. तिथं नवी पानं शिरा सोडून पिवळी दिसत असतील, तर 10 लिटरला 50 मिली ग्रेड-2 चा पैसा वाया जात नाही. पण जमिनीत कमतरताच नसेल, तर या फवारणीनं फार काही हाती लागत नाही.

खंड लागलाय आणि एकच फवारणी परवडते, तर मी 13:0:45 घेईन. ग्रेड-2 ची खरी वेळ त्याआधीची, ओल असताना, फुलं लागायच्या सुमारास. माती परीक्षणात जस्त किंवा बोरॉन कमी आलं असेल तर ती वेळ चुकवू नये.

भुईमुगाचं मात्र वेगळं आहे. शेंगेला लागणारं कॅल्शियम पानातून खाली उतरत नाही, शेंग ते थेट मातीतून घेते. त्यामुळे तिथं बाटलीपेक्षा आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना दिलेलं, कॅल्शियम असलेलं जिप्सम बरं.

आता पाण्याचा हिशेब. एकरी 200 लिटर फवारलं, म्हणजे शेतावर अर्धा मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, त्याचा दहावा भाग. 5 सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर एकराला सुमारे 2 लाख लिटर लागतं. म्हणून विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी असेल, तर आधी तुषार संच लावा, शेंगा भरताना तर नक्कीच. फवारणी पाण्याची जागा घेत नाही, चार दिवस तग धरायला हात देते.

फवारायचं की नाही हे ठरवायला सकाळी लवकर शेतात जा. दुपारी माना टाकलेली झाडं रात्रीतून सावरून पानं ताठ झाली असतील, तर त्याच सकाळी ऊन चढायच्या आत फवारणी उरका. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील, तर पंप भरू नका. ते पान आता औषध घेणार नाही.