तुतीचा लाल, वोडचा निळा: आठ महिने आणि ऐंशी सैनिकांनंतर

गेल्या ऑक्टोबरात पेरी मिनिएचर्स या छोटे सैनिक बनवणाऱ्या कंपनीची ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ (इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत झालेली यादवी) पायदळाची दोन खोकी घेतली. एका खोक्यात २८ मिलिमीटरचे ४० प्लॅस्टिकचे सैनिक, काही धनुर्धारी, काही बिल, म्हणजे लांब दांड्याचं आकडेदार पात्याचं शस्त्र, घेतलेले. जूनमध्ये ऐंशीवा सैनिक कपाटात गेला. सैनिकांबद्दल तक्रार नाही, घडण उत्तम आहे. मला सांगायचंय ते रंगांबद्दल, कारण आठातले निदान तीन महिने त्यातच गेले.

या यादवीच्या, म्हणजे १४५५ ते १४८७ या काळात इंग्लंडमध्ये राजाचं खडं सैन्य नव्हतं. जो तो सरदार पदरची माणसं घेऊन रणात उतरायचा आणि त्यांना आपल्या रंगाचं लोकरी जाकीट द्यायचा. हीच लिव्हरी. आत तागाच्या कापडाचे थर एकत्र शिवलेला जॅक, वर हे जाकीट, छातीवर आणि पाठीवर धन्याचं चिन्ह. ऐंशी सैनिकांना एकच रंग फासून चालत नाही तो यामुळेच. आधी माणूस कुणाच्या पदरचा ते ठरवायचं, मग ब्रश उचलायचा.

सुरुवात यॉर्क घराण्यापासून केली. अर्धं जाकीट मरी रंगाचं, अर्धं निळं. ‘मरी’ हे नावच तुतीवरून आलंय. पहिल्या वीस जणांना मी बाजारात मिळणारा तयार गडद लाल दिला आणि ते दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे दिसायला लागले. वीसही पुन्हा रंगवले. पुढे महाबळेश्वरहून आणलेल्या तुती होत्या, त्यातली एक पांढऱ्या कार्डावर चिरडली आणि डाग वाळू दिला. ओला असताना जांभळट, वाळल्यावर तपकिरीकडे झुकणारा लाल. तो डाग समोर ठेवूनच मिश्रण केलं: व्हॅलेहो कंपनीच्या ‘मॉडेल कलर’ रंगांमधल्या ब्लॅक रेडचे तीन थेंब, जांभळ्याचा एक. उजळ कडांसाठी पांढरा घालू नका, गुलाबी होतो. कातडीचा फिकट रंग घाला. आणि हे काम दिवसाउजेडी करा. पिवळ्या दिव्याखाली मरी सरळ चॉकलेटी दिसतो.

निळ्याचं उलट झालं. बाटलीतला झगझगीत निळा या काळाला शोभतच नाही. तिथला निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांतून यायचा. रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, पण पानात त्याचं प्रमाण कमी. लाल यायचा मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांतून, आपल्याकडची मंजिष्ठा त्याच कुळातली. हे कळल्यापासून मी प्रत्येक बाटलीकडे रंगाऱ्याच्या नजरेनं बघतो: हा रंग कढईत कसा उतरला असता? निळ्यात चिमूटभर करडा गेला आणि दोन्ही बाजू एकाच जाकिटाच्या वाटायला लागल्या. दर पाच सैनिकांमागे मिश्रण जरा हलवलं, कुठे एक थेंब जास्त, कुठे कमी. वेगवेगळ्या कढईतलं कापड इतकं हुबेहूब एकसारखं निघणारच नाही. गट टेबलावर मांडला की हा फरक सुरेख उठून दिसतो.

यॉर्कच्या विरोधातल्या ट्यूडर घराण्याचा पांढरा-हिरवा सगळ्यात सोपा जाईल असं वाटलं होतं. हिरवा गेलाही, कारण तो वेल्ड या झाडाचा पिवळा आणि वोडचा निळा असे दोन रंग एकावर एक चढवून व्हायचा. मीही निळ्यावर पातळ पिवळा चढवला. पांढऱ्यानं मात्र छळलं. शुद्ध पांढरा लोकरीसारखा दिसत नाही, खडूसारखा दिसतो. खाली उबदार करडा, वर आयव्हरी, आणि पांढरा फक्त खांद्याच्या घडीवर. एका माणसाला चाळीस मिनिटं लागली.

चिन्हांवर मी जीव टाकला. १४८३ मध्ये यॉर्क घराण्याचा राजा तिसरा रिचर्ड यानं मुलाला यॉर्कमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स करताना पांढऱ्या रानडुकराची १३,००० कापडी चिन्हं मागवली होती. इतक्या संख्येनं बनलेली गोष्ट काही नाजूक भरतकाम नसणार, म्हणून मीही डुक्कर मोजून पाच टेकवण्यांत काढतो: पाठीचा बाक, पोट, मुस्कट, दोन पाय. छातीवर जागा जेमतेम तीन मिलिमीटर. एरवी पाच शून्याचा बारीक ब्रश यासाठी सुचवतात, पण त्याच्या टोकावर रंग वाळून जातो. शून्य नंबरचा, चांगल्या टोकाचा ब्रश घ्या.

वॉरिकच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या सरदाराच्या, लाल जाकिटावरची पांढरी खडबडीत काठी रंगवायला सगळ्यात मजा आली. ऑक्सफर्डच्या अर्लच्या ताऱ्यानं मात्र डोळे दुखवले, तरी तो वगळू नका. १४ एप्रिल १४७१ ला लंडनजवळच्या बार्नेटला लढाई झाली, वॉरिक आणि ऑक्सफर्ड एका बाजूला, यॉर्कचा राजा चौथा एडवर्ड दुसऱ्या, आणि दाट धुकं होतं. ऑक्सफर्डचे लोक परतून आले तेव्हा त्यांचा किरणांचा तारा वॉरिकच्याच बाजूच्या माणसांना चौथ्या एडवर्डचा किरणांचा सूर्य वाटला आणि त्यांनी स्वकीयांवर बाण सोडले. दोन्ही चिन्हं रंगवून हातभर अंतरावर ठेवली आणि डोळे किलकिले करून पाहिलं, तर मलाही वेगळी ओळखता आली नाहीत. ही लढाई वाचली अनेकदा होती, समजली त्या रात्री.

आता वापराचं. मुलीबरोबर महिन्यातून दोनदा तरी खेळ होतो, सैनिक हाताळले जातात. जाकिटांचे रंग जसेच्या तसे आहेत. बिलांची टोकं आणि शिरस्त्राणांच्या कडा उडाल्या, त्या दुरुस्त केल्या. एकच मोठा फटका बसला तो वार्निशचा. जूनच्या पहिल्या पावसात, ठाण्यातल्या गॅलरीत, शेवटच्या बारा जणांवर मॅट स्प्रे मारला आणि सकाळी सगळ्यांवर पांढुरकी साय. मरी करडा, निळा राखाडी. दमट हवेत हे होतं हे मला माहीत असायला हवं होतं. ब्रशनं ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिल्यावर नऊ जण सावरले, आता कोरड्या हवेची वाट बघून त्यांना पुन्हा मॅट करणार. उरलेले तिघे ऑक्सफर्डचे आहेत. त्यांचे तारे सायीखाली गेलेत, ते पुन्हा काढावे लागतील.