थिसलगॉर्मची ट्रिप: जहाजाला पाच स्टार, बोटीला तीन

इजिप्तला लाल समुद्रात एसएस थिसलगॉर्म या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करायची म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ दोन रात्री एका लाइव्हअबोर्डवर (डाइव्हिंगसाठी मुक्कामाची बोट) राहिलो, त्याचा हा रिव्ह्यू. बोटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कुणाला बदनाम करायचं नाहीये, फक्त पुढे जाणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी काय विचारायला पाहिजे ते सांगायचंय.

आधी जहाजाबद्दल, कारण त्याच्यासाठीच तर गेलो होतो. हे ब्रिटिश मालवाहू जहाज 1940 चं, लांबी सव्वाशे मीटरच्या वर. युद्धाचं सामान घेऊन आफ्रिकेला वळसा घालून ते इजिप्तला आलं होतं आणि 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री नांगर टाकून उभं असताना जर्मन विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले. ते पडले नेमके दारूगोळ्याच्या होल्डजवळ (होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा), त्यामुळे मागचा भाग फुटून तुटला आणि 9 जण गेले. पुढे 1950 च्या दशकात फ्रेंच समुद्र-संशोधक जाक कुस्टोच्या टीमने ते शोधून काढलं. आता ते साधारण 30 मीटरवर तळाला टेकलेलं आहे, पुढचा भाग सरळ उभा आणि शेपटीकडचा तुकडा एका बाजूला कलंडलेला.

लाइव्हअबोर्डचा मोठा फायदा म्हणजे रात्री तिथेच मुक्काम असतो, त्यामुळे दिवसाच्या बोटी पोचायच्या आधी पहाटे पाण्यात उतरता येतं, आणि पहिली डाइव्ह आम्ही तशीच केली. करंट जबरदस्त होता, दोरी धरून खाली जाताना हात सोडला असता तर वाहूनच गेलो असतो, मान जरा बाजूला वळवली तरी मास्कमध्ये पाणी शिरेल असं वाटत होतं. पण जहाजाच्या आडोशाला गेलो आणि एकदम सगळं शांत. वर बघितलं तर माशांचा थवा करंटमध्ये तोंड करून जागच्या जागी उभा, आणि खाली अख्खं जहाज. मला तिथे रडूच आलं, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या डाइव्हला मात्र गडबड झाली. ब्रीफिंग पाच मिनिटांत उरकलं, गाइड म्हणाला माझ्या मागे मागे या, काही होत नाही. आठ जण आणि एक गाइड, कुणाच्या किती डाइव्ह झाल्यात ते विचारलंच नाही (भावाच्या तेव्हा 22 झाल्या होत्या आणि आतमध्ये तो कधीच गेला नव्हता). होल्डमध्ये रांगेने शिरलो, पुढचा कुणीतरी सायकल चालवल्यासारखे पाय मारत होता, आणि बघता बघता सगळा गाळ वर आला. धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यावर कसं होतं तसं, टॉर्च लावला की नुसता पांढरा पडदा, बंद केला तर काळोख. गाइडने परतीची वाट सापडायला दोरी लावलेली नव्हती. मी हात पुढे केला तर भावाच्या पायातलं फिन सापडलं, मग पोटरी, मग त्याच्या बीसीडीचा (हवा भरायच्या जॅकेटचा) पट्टा, तो घट्ट धरून ठेवला आणि त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत बसले, तो पंप मारल्यासारखा भराभरा श्वास घेत होता. माझा हवेचा गेज मास्कला टेकवला तरी वाचता येईना. मिनिटभरच असेल, पण वरच्या झाकणाच्या चौकोनातून निळा उजेड दिसेपर्यंत मी एकही धड विचार केला नाही. बाहेर आलो तेव्हा भावाच्या टाकीत 60 बार राहिले होते, म्हणजे जेमतेम पाव टाकीच्या वर हवा.

ज्यांनी डाइव्हिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, 30 मीटरवर दाब वरच्या चौपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा जाते, आणि घाबरलात की त्याच्यावर अजून. शिवाय इतक्या खोल पाण्यात नायट्रोजनमुळे डोकं थोडं जड होतं, साधी वजाबाकी करायलाही वेळ लागतो. उघड्या पाण्यात अडचण आली तर निदान हळूहळू वर तरी जाता येतं, इथे डोक्यावर लोखंड असतं. म्हणून आत जायचं तर हवेचे तीन भाग धरतात, एक जायला, एक यायला आणि एक हात लावायचा नाही. हे आमच्या ब्रीफिंगमध्ये एका शब्दानेही आलं नव्हतं, आणि यासाठीच मी बोटीचे दोन स्टार कापलेत. जेवण, खोल्या, कॉम्प्रेसर, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा), सगळं उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मी वर येऊन बोटीच्या मॅनेजरशी बोलले, जरा जोरातच बोलले. तर तिसऱ्या डाइव्हला त्यांनी दुसरा गाइड दिला, वयाने मोठा, फार कमी बोलणारा. त्याने प्रत्येकाला बसवून विचारलं, किती डाइव्ह, रेक कोर्स (बुडालेल्या जहाजात शिरायचं प्रशिक्षण) केलाय का, टॉर्च किती. भावाकडे एकच टॉर्च होता. गाइडने सरळ सांगितलं, तू आत येणार नाहीस, ज्युनियर गाइडबरोबर बाहेरून जा, तळाला रेल्वेचं इंजिन पडलंय ते बघ. भाऊ चिडला, इतके पैसे भरलेत वगैरे झालं, मला पण बाजू घे म्हणाला. मी नाही घेतली. गाइड आवाज न चढवता तेच वाक्य परत म्हणाला आणि आपली दोरीची रीळ तपासत बसला.

आम्ही तिघं त्याच्या मागे आत गेलो. त्याने दोरी दाराशी बाहेर बांधली, मग आत एकदा, आणि आम्ही तिला अंगठा आणि बोटाच्या गोलात धरून सरकत राहिलो, पाय अजिबात खालीवर न मारता, बेडकासारखे. आणि मग ते सगळं दिसलं ज्यासाठी लोक इतक्या लांबून येतात. ट्रकच्या मागच्या भागात ओळीने उभ्या मोटरसायकली, टायर अजून जागेवर. एका बाजूला रबरी बुटांचा ढीग, एक बूट उताणा पडलेला, त्याच्या तळव्याची नक्षी स्पष्ट, आतून एक छोटा मासा डोकावला आणि परत आत गेला. 80 वर्षं झाली, ते बूट घालणारं कुणी आलंच नाही. आमच्या श्वासाचे बुडबुडे वरच्या पत्र्याला जाऊन चिकटायचे आणि आरशासारखे चमकायचे, त्यांच्या धक्क्याने गंजाचे तुकडे भुरभुरत खाली यायचे. कितीतरी गाड्यांचे छोटे सुटे भाग लोकांनी आठवण म्हणून काढून नेलेत, ते बघून फार वाईट वाटतं. कृपा करून कशालाही हात लावू नका.

माझ्या हवेचा पहिला भाग संपला तेव्हा गाइडने माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, मी खूण करायच्या आधीच त्याने वळायचा इशारा केला. त्याने आम्हा तिघांचा हिशोब डोक्यात ठेवला होता.

बुकिंग करताना एवढं विचारा: एका गाइडमागे किती जण, आत जाताना दोरी लावतात का, आणि अनुभव कमी असलेल्याचं काय करतात. तिसऱ्याचं उत्तर "काळजी करू नका" असं आलं तर दुसरी बोट बघा. आणि अनुभव कमी असेल तर बाहेरची डाइव्हसुद्धा अजिबात कमी नाही, तोफा, नांगराची साखळी, फुटलेला भाग सगळं बाहेरूनच दिसतं.

भाऊ त्या दिवशी बोटीवर परत आला तेव्हा माझ्याशी बोलत नव्हता. रात्री जेवताना स्वतःच सुरू झाला, इंजिन कसं वाळूत उभंय, त्याच्या बॉयलरवर टॉर्च मारला तर केवढा ग्रुपर मासा बाहेर आला, अर्धा तास तेच. आता तो रेक कोर्स करतोय, टॉर्च दोन घेतलेत. पुढच्या वर्षी परत जातोय आम्ही, त्याच बोटीने, फक्त पैसे भरायच्या आधी तो मोठा गाइड कोणत्या आठवड्यात असतो ते मी विचारून ठेवलंय.