फ्रेजल व्हर्ब्जसाठी अँकीड्रॉइड: सात-आठ महिने वापरल्यानंतर

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि दिसायला एखाद्या सरकारी फॉर्मइतकं रुक्ष आहे. तरी फ्रेजल व्हर्ब्जसाठी, म्हणजे ‘पुट ऑफ’सारख्या इंग्रजी जोडक्रियापदांसाठी, मी अजून तेच वापरतोय. मात्र कार्डं माझी, तयार डेकमधली (म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातली) नाहीत.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: अँकी हा 2006 पासूनचा फ्लॅशकार्डांचा, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेल्या कार्डांचा, प्रोग्राम, आणि अँकीड्रॉइड ही त्याची अँड्रॉइडवरची आवृत्ती. उत्तर पाहिलं की खाली चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, इझी. कुठलं दाबलं त्यावरून ते कार्ड दहा मिनिटांनी परत आणायचं की महिन्याने, हे ॲप ठरवतं. आयफोनवाल्यांना अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं.

मी पुण्यात बसून इंग्लंडच्या क्लायंटशी बोलतो. ईमेल वाचताना काही अडत नाही, कॉलवर अडतं. कागदावर ‘पोस्टपोन’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ लिहिणारी तीच माणसं तोंडाने ‘पुट ऑफ’ आणि ‘लुक इन्टू’ म्हणतात. आपल्या ऑफिसांतलं लाडकं ‘प्रीपोन’ तिकडे चालत नाही, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावं लागतं.

आधी एक तयार डेक उतरवून घेतला होता. वैताग आला. पुढच्या बाजूला नुसतं ‘टेक ऑफ’, मागे अर्थांची रांग: विमानाने उडणं, कपडे काढणं, सुट्टी घेणं, धंद्याने जोर धरणं. यातले दोन आठवले आणि दोन नाही, तर बटण कुठलं दाबायचं? म्हणून आता एका कार्डावर एकच अर्थ, आणि तोही वाक्यात. ‘द डील फेल डॅश ॲट द लास्ट मिनिट’, मागे ‘थ्रू’, खाली मराठीत ‘फिसकटलं’. एवढंच.

सर्वनामाची कार्डं वेगळी करा, हे आग्रहाने सांगेन. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर’ फुटत नाही. ‘लुक आफ्टर हिम’ असंच. अर्थ पाठ असलेली माणसंही इथे घसरतात, आणि याद्यांमध्ये ही गोष्ट क्वचितच नीट दाखवलेली असते.

मराठी कानाला एक फुकटची मदत मिळते. ‘ईट’ म्हणजे खाणं, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं; ‘युज अप’ म्हणजे वापरून संपवून टाकणं. हा ‘टाकणं’ आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण ही युक्ती फार लांब जात नाही. ‘पुट अप विथ’ला, म्हणजे खपवून घेण्याला, सरळ घोकण्यावाचून इलाज नाही.

सेटिंगमध्ये रोजची नवी कार्डं मुळात वीस असतात. ती पाचावर आणा, नाहीतर गणपतीत चार दिवस ॲप उघडलं नाही की उजळणीचा ढीग बघून परत उघडावंसं वाटत नाही. आठ वेळा चुकलेलं कार्ड ॲप स्वतःहून हेरतं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला काढतं. माझ्याकडे अशा ‘बाद’ झालेल्यांत ‘कम अराउंड’, ‘कम अक्रॉस’ आणि ‘कम अबाउट’ हे तिघे भाऊ होते, कारण एकाच आठवड्यात घातले होते. आता सारखी दिसणारी क्रियापदं एकावेळी घालत नाही.

खरी उणीव कानाची. कार्डावर ‘पिक इट अप’ तीन शब्द दिसतात, कॉलवर ‘पिकिटप’ असा एकच ऐकू येतो. वाक्य वाचून दाखवायची सोय आहे, पण तो फोनचा यंत्रासारखा स्वच्छ आवाज. बोलीतली घाई त्यात नाही. त्यासाठी मुलाखती नाहीतर पॉडकास्ट वेगळे ऐकावे लागतात.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा महिन्यावर आली असेल तर याच्या नादी लागू नका. उजळणीतलं अंतर वाढत जाण्यातच या ॲपचा सगळा फायदा आहे, आणि तेवढे दिवस तुमच्या हातात नाहीत.